नाल्यापाशी, डावीकडे

परतीच्या दिवशी सकाळी साडेनऊपर्यंत माझ्या वहीत चितळ एकशे बासष्ट, रानगवे अकरा, बारशिंगे तेवीस, कोल्हे दोन असे आकडे होते आणि वाघापुढची जागा कोरी होती. दोन दिवसांत ही तिसरी सफारी. उघड्या जिप्सीत बसून एकूण बारा तास चाळीस मिनिटं झाली होती, कंबर कामातून गेली होती, आणि जंगलाच्या गेटातून अकराच्या आत बाहेर पडलं नाही तर ड्रायव्हर आणि गाईड दोघांनाही पुढचे काही दिवस काम मिळत नाही, हे गाईडनं मला दोनदा ऐकवलं होतं. म्हणून मी दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होतो. मोबाईल आत न्यायला बंदी, ते गेटावरच्या पेटीत जमा. त्यामुळे जे दिसलं त्याचा फोटो नाही, असेल तर फक्त तोंडचा शब्द.

आम्ही चौघं होतो. मी, बायको, सतरा वर्षांची मुलगी आणि बाबा. बाबांचं वय चौऱ्याहत्तर. जंगल चिल्पी घाटापलीकडे, रायपूरच्या आमच्या घरापासून दोनशे चौदा किलोमीटर. सहल ठरवली होती मी, पण तिचं खरं कारण बाबांची स्कूटर होती.

बाबा रोज सकाळी सव्वासातला स्कूटर काढतात आणि स्टेशनजवळच्या एका टपरीवर जातात. तिथं रेल्वेतून निवृत्त झालेले त्यांचे चार-पाच सोबती जमतात. साडेनऊला परत. गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डाव्यात आता सुरुवात आहे. सहा महिन्यांत त्यांची स्कूटर दोनदा घासली गेली. एकदा समोरच्यांच्या उभ्या कारला आणि एकदा कोपऱ्यावर बसलेल्या बैलाला. बैल उठलासुद्धा नाही, पण बाबांचा आरसा गेला. मी आणि बायकोनं ठरवलं की स्कूटर बंद करायची. सांगायचं मी, आणि मी रोज उद्यावर ढकलत होतो; शेवटी सहलीत निवांत सांगू असं ठरवलं. निघायच्या आदल्या संध्याकाळी डबे भरताना बायकोच्या तोंडून ते निघून गेलं. बाबा रागावले नाहीत. थर्मास धुऊन उपडा ठेवत म्हणाले, "जंगलात पाहू. कोणाचे डोळे चालतात अन् कोणाचे नाही."

म्हणजे वाघ कोणाला आधी दिसतो यावर स्कूटरचा निकाल लागणार होता. मुलीला ही पैज फार आवडली. मला नाही आवडली.

आता आमच्या घरातली एक पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. बाबांनी छत्तीस वर्षं रेल्वेत काढली, त्यातली बहुतेक मालगाडीचे ड्रायव्हर म्हणून. इंजिनात दोघं असतात, ड्रायव्हर आणि असिस्टंट. सिग्नल दिसला की ड्रायव्हर त्याचा रंग मोठ्यानं बोलतो. असिस्टंट स्वतः बघतो आणि मग तेच बोलतो. दोघांनी बोलल्याशिवाय सिग्नल पाहिला असं धरत नाहीत. बाबांनी ही रीत घरी आणली. रात्री आई म्हणायची "गॅस बंद", आणि आमच्यापैकी कोणीतरी जाऊन, शेगडीकडे बघून म्हणायचं "गॅस बंद". पंप, गेटाचं कुलूप, गिझर, सगळ्याचं असंच. मी नऊ वर्षांचा असताना खाटेवर पडल्या पडल्या "पंप बंद" म्हटलं होतं. टाकी भरून वाहिली. बाबांनी मारलं नाही. अंगणात नेऊन उभं केलं आणि वाहणारं पाणी थांबेपर्यंत बघायला लावलं. त्याच वेळी त्यांनी एका असिस्टंटची गोष्ट सांगितली. तो डुलक्या घेत बाबांच्या मागोमाग रंग बोलत होता. तीन सिग्नल झाल्यावर बाबांनी मुद्दामच नसलेला रंग सांगितला आणि यानं तोही बोलून दाखवला. गाडी मुक्कामाला पोचल्यावर बाबांनी त्याची तक्रार केली नाही. फक्त त्याच्यासोबत पुन्हा कधी गाडी नेली नाही.

रायपूरहून जाताना बाबा माझ्या शेजारी पुढच्या सीटवर होते. शहरातल्या प्रत्येक सिग्नलला ते "लाल" म्हणत, मी "लाल" म्हणत होतो. मागे मुलगी हसत होती. बेमेतऱ्यापर्यंत तिनंही सुरू केलं, समोर गाय आली की "गाय", ट्रक आला की "ट्रक".

तर त्या सकाळी, दहाला दहा कमी असताना, आम्ही एका नाल्याच्या कडेनं परतत होतो. उजवीकडे झाडावर वानरं होती. बायको आणि मुलगी तिकडे बघत होत्या, गाईड पुढे रस्त्याकडे बघत होता. मी मान खाली घालून वहीत तिन्ही सफारींच्या बेरजा जुळवत होतो, कारण बारशिंग्यांचा आकडा एकाने चुकत होता. बाबा माझ्या डाव्या हाताला होते. त्यांनी हळू, पण स्पष्ट आवाजात म्हटलं, "वाघ. नाल्यापाशी, डावीकडे."

मी म्हटलं, "वाघ. नाल्यापाशी, डावीकडे."

पेन थांबलं नाही. मान वर झाली नाही. पंचेचाळीस वर्षांच्या सवयीनं तोंडातून शब्द गेले आणि मी बेरीज पूर्ण केली. बावीस नव्हते, तेवीसच होते. मग काय बोललो ते डोक्यात शिरलं. मान वर केली तोवर जिप्सी तीस-चाळीस मीटर पुढे गेली होती. मागे नाला, वाळकं गवत आणि ऊन. बाबांनी कोणाला हाक मारली नव्हती, ड्रायव्हरला थांबवलं नव्हतं. त्यांच्या हिशेबानं गोष्ट पुरी झाली होती. एक बोलला, दुसरा बोलला. ते दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून निवांत बसले होते. ते गंमत करताहेत असं मला वाटलं. खरं सांगायचं तर, तसं वाटून घेणं मला सोयीचं होतं.

गेटावर पोचलो दहा बावन्नला. तिथं एक रजिस्टर असतं, त्यात गाईड कोणता प्राणी कुठे दिसला ते लिहितो. त्यानं रीतीप्रमाणे विचारलं, आणि बाबांनी अगदी ड्यूटीवरचा रिपोर्ट द्यावा तसं सांगितलं, "टाइगर. नौ पचास के आसपास. नाले के पास, बाईं तरफ. दो आदमी ने देखा."

गाईडचं पेन कागदाच्या वर थांबलं. त्यानं स्वतः काही पाहिलं नव्हतं. त्यानं बायकोकडे पाहिलं, तिनं मुलीकडे, आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे.

मी नवा रायपूरला एका कार्यालयात धरणांच्या पाण्याच्या पातळ्यांचं काम करतो. रोज सकाळी जागोजागची माणसं पट्टीवरचा आकडा वाचून पाठवतात आणि मी तो तपासून पुढे देतो. जो आकडा कोणी जाऊन वाचला नाही तो कागदावर येऊ द्यायचा नाही, एवढंच माझं काम आहे आणि ते मी बावीस वर्षं बऱ्यापैकी केलं आहे. रजिस्टर पुढ्यात होतं. मी म्हणालो, "मैंने नहीं देखा."

गाईड भला माणूस होता. बाबांचा मान राखत म्हणाला की चीतल रहा होगा दादाजी, धूप में ऐसा ही लगता है. मग त्यानं चितळ लिहिलं.

बाबा माझ्याकडे वळले. "तू बोल्ला नं?"

"बोललो बाबा. पन पाह्यलं नव्हतं."

"मंग बोल्ला काहून?"

मी मोबाईलच्या पेटीकडे गेलो आणि चार मोबाईल मोजून घेतले.

गाडीपाशी आलो तर बाबा मागच्या सीटवर मुलीच्या शेजारी बसले होते. गुडघे दुखतात म्हणून ते कधी मागे बसत नाहीत. बायको पुढे बसली. मी आरसा नीट केला. आरशात बाबांचा फक्त कान आणि टोपी दिसत होती.

परतीचा रस्ता मी साडेचार तासांचा धरला होता. घाटात एक ट्रक आडवा झाला होता, तिथं अठ्ठेचाळीस मिनिटं गेली. इंजिन बंद करून बसलो. खाली दरीत सालवृक्षांचं हिरवं पसरलेलं होतं, दोन दिवसांपूर्वी इथंच थांबून आम्ही चहा प्यायलो होतो, आणि आता त्या हिरव्याकडे बघायचीसुद्धा इच्छा नव्हती. मागून हॉर्न चालले होते, जणू त्या ट्रकला ऐकू येत नव्हतं म्हणूनच तो अडला होता. मुलगी मोबाईलला रेंज मिळते का बघत होती. मध्येच ती म्हणाली, "पापा, दादू को सच में दिखा होगा तो?" मी तिला म्हटलं, मराठीत विचार. ती पुन्हा मोबाईलकडे वळली. माझा राग भाषेवर नव्हता, हे तिलाही कळलं असणार.

कवर्ध्याला जेवलो. बाबांनी दोन पोळ्या खाल्ल्या, वरण घेतलं नाही. ते हात धुवायला गेले तेव्हा बायको म्हणाली, "काहून बोल्ले तुम्ही तसं?"

"कधी? जंगलात का गेटवर?"

"दोन्हीकडं."

मी तिला सांगायला लागलो की गेटवर खरं तेच सांगितलं. ती म्हणाली की खरं तिला माहीत आहे, आणि ताटातलं लोणचं बोटानं सारखं करत बसली. मग म्हणाली, "त्याईनं असिस्टंट बदलला."

पुढचे सव्वाशे किलोमीटर हे वाक्य माझ्या शेजारी बसून आलं. बेमेतऱ्यापाशी रस्ता एका बाजूनं खोदलेला, सिमग्याच्या पुलावर ट्रॅक्टरांची रांग. शिवनाथ नदी ओलांडली तसं आभाळ खालच्या बाजूनं काळपट होत गेलं. सिलतरा, उरला, कारखान्यांची धुराडी, लोखंडी सळया घेऊन निघालेले ट्रक. काच वर केली तरी दातांखाली कचकच. दोन दिवस बाबांच्या छातीत एकदाही खोकला नव्हता, तो भनपुरीला सुरू झाला. मी मनात एकेका गोष्टीवर चिडत होतो. ट्रकवर, धुरावर, रस्ता खोदणाऱ्यावर, गेटाच्या वेळेवर, वानरांवरसुद्धा. त्या यादीत माझं नाव सर्वांत वर असायला हवं होतं, पण गाडी चालवताना स्वतःवर चिडायला पुरेशी जागा मिळत नाही.

शहरातला पहिला सिग्नल आला. मी वाट पाहिली. मागून काही नाही. मी स्वतःच म्हटलं, "लाल." कोणी बोललं नाही. पुढच्या सिग्नलला मी पुन्हा म्हटलं, तेव्हा बायकोनं हळूच "लाल" म्हटलं, खिडकीबाहेर बघत. मी त्यानंतर म्हटलं नाही.

पाच वाजून दहा मिनिटांनी घरी पोचलो. समोरच्या घरातले भैया, ज्यांच्या कारला बाबांची स्कूटर घासली होती, गेटावर पाणी मारत होते. त्यांनी मोठ्यानं विचारलं, "क्यों बाबूजी, टाइगर दिखा?"

बाबा गाडीतून उतरत म्हणाले, "रजिस्टर में नहीं है." आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी सव्वासातला स्कूटर निघाली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. स्कूटरवर आच्छादन होतं, त्याच्या चारही गाठी बाबांनी मारलेल्या. ते व्हरांड्यात पेपर घेऊन बसायचे. पहिलं पान संपायला त्यांना चाळीस मिनिटं लागतात, हे मला तोवर माहीत नव्हतं, कारण त्या वेळी ते कधी घरी नसत. किल्ली रोजच्या खिळ्यावरच होती. त्यांनी दिली नाही, मी मागितली नाही. सहा महिने जे सांगायचं टाळत होतो ते न सांगताच झालं होतं. बायको म्हणाली, चला, एक काळजी गेली. पण तिच्या आवाजातही ती गेल्याचं जाणवलं नाही. रात्री गॅस बंद केल्यावर ती "गॅस बंद" म्हणे, मी बघून "गॅस बंद" म्हणे, आणि मग बाबा त्यांच्या खोलीतून उठून स्वतः स्वयंपाकघरात येऊन शेगडी बघून जात. सलग तीन रात्री. माझ्या बोलण्याला आता किंमत नव्हती आणि ती नसावी हेच बरोबर होतं.

गुरुवारी कार्यालयात एका ठिकाणची पातळी सलग चार दिवस हुबेहूब तीच आलेली दिसली. अशा वेळी मी फोन करून त्या माणसाला विचारतो, बाबा रे, पट्टीपाशी गेला होतास का, आणि तो ऐकतो. फोन उचलला. नंबर लावला नाही. खरंच तीच पातळी असूही शकते. आधी त्या आकड्यासमोर शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, पडताळणी बाकी. मग बॅगेतून जंगलातली वही काढली. वाघापुढे मी गेटावर रागात शून्य लिहिलं होतं. ते खोडता येत नव्हतं, कारण दुसरा आकडा माझ्याकडे नव्हता. मी त्या शून्याच्या पुढे लिहिलं, "मी त्या वेळी पाहत नव्हतो."

रविवारी सकाळी सात वाजता मी स्कूटरच्या गाठी सोडायला लागलो. दोन सुटल्या, उरलेल्या दोन रेल्वेतल्या सवयीनं घट्ट मारलेल्या, त्या सुटेनात. बाबा पेपरवरून बघत होते. शेवटी उठून आले आणि त्यांनी त्या सोडल्या.

"चला," मी म्हटलं. "मी मांगं बसतो."

"काहून?"

"सिग्नल पाहाले."

त्यांनी आच्छादनाची घडी घातली. मग आत जाऊन खिळ्यावरची किल्ली आणि दोन्ही हेल्मेटं घेऊन आले.

आमच्या पाऱ्यापासून, म्हणजे मोहल्ल्यापासून, स्टेशन साडेचार किलोमीटर, मध्ये सहा सिग्नल. हिवाळ्याची सकाळ, थोडं धुकं. मी खांबावर नजर ठेवून बसलो होतो. पहिल्या सिग्नलला बाबा म्हणाले "लाल", मी पाहिलं, लाल होता, म्हटलं "लाल". दुसरा हिरवा. तिसऱ्याच्या वेळी समोर बस होती. बाबा म्हणाले "हिरवा". मला बसच्या मागच्या जाहिरातीखेरीज काही दिसत नव्हतं. मी म्हटलं, "दिसत नाही." बाबांनी वेग कमी केला आणि बस सरकेपर्यंत थांबले. न दिसलेला सिग्नल लाल धरायचा, हाही त्यांचाच नियम. बस गेली. हिरवा होता. "हिरवा," मी म्हटलं. त्यांनी नुसतं "हं" केलं. त्या हुंकारानं मला बरं वाटलं, आणि लगेच वाटलं की सहाच्या सहा बरोबर यावेत, मग जे व्हायचं ते होवो.

चौथा बरोबर. पाचव्याला ते म्हणाले, "हिरवा," आणि स्कूटर पुढे घेतली.

मी पाहिलं. उजवीकडे वळणाऱ्यांसाठीचा बाण हिरवा होता. सरळ जाणाऱ्यांचा गोल दिवा लाल होता.

अर्धा सेकंद असेल. हो म्हणून टाकावं असं वाटलं नाही, असं मी म्हणणार नाही. "लाल," मी म्हटलं. "बाबा, लाल. हिरवा बाण हाय, उजवीकडचा."

त्यांनी ब्रेक मारला. मागच्या मोटारसायकलवाल्यानं हॉर्न दिला आणि काहीतरी बोलून शेजारून गेला. बाबा पाय टेकून, मान वर करून त्या दिव्याकडे बघत राहिले. गोल दिवा हिरवा झाला, तरी त्यांनी लगेच गाडी हलवली नाही. मग त्यांनीच म्हटलं, "आता हिरवा." मी पाहून म्हटलं, "हिरवा."

टपरीवर त्यांचे चार सोबती होते. आठवडाभर कुठे होतास म्हणून त्यांनी बाबांना धारेवर धरलं, मग एकानं विचारलं, शेर दिखा कि नहीं?

"मेरे को दिखा," बाबा म्हणाले. "इसको नहीं दिखा. ये लिख रहा था."

"लिखने वाले को क्या दिखेगा," दुसरा म्हणाला आणि सगळे हसले. मीही हसलो. कोणी आणखी काही विचारलं नाही. त्या लोकांना बाबांचा एक शब्द पुरत होता.

दुसरा चहा झाल्यावर बाबांनी खिशातून किल्ली काढून माझ्या ग्लासाशेजारी ठेवली. "जाताना तू चालव."

"बाबा, एकाच सिग्नलचं काय..."

"एकच पुरते." मग म्हणाले, "आज तू पाहून बोल्ला."

मला ही किल्ली सहा महिन्यांपासून हवी होती. ती खिशात टाकताना वाटलं, बाण जरा उशिरा लागला असता तर.

रोज सकाळी मी त्यांना सोडीन आणि ऑफिसला जाण्याआधी आणीन, असं मी तिथंच सांगितलं. माझे वेळेचे आकडे मी जुळवले होते. ते म्हणाले, पाहू.

परतताना मी पुढे, ते मागे. आता रंग आधी बोलायचा तो मी. पहिल्या सिग्नलला मी म्हटलं, "लाल." मागून लगेच उत्तर आलं नाही. माझ्या खांद्यावरचा त्यांचा हात जरा घट्ट झाला, हेल्मेट माझ्या हेल्मेटाला घासलं. ते एका बाजूला झुकून बघत होते. मी पाय टेकून थांबलो.

"लाल," ते म्हणाले.